परत आलो की खाईन

कंदील बारीक कर, शोनाझार. पलीकडच्या तंबूत पाहुणे झोपलेत. आणि दाराचा पडदा नीट ओढून घे, वारा उत्तरेकडून सुटलाय, आज रात्रभर काही थांबायचा नाही.

हां. तर तुझा प्रश्न काय होता? मी एगिझ-कलाच्या गढीवर पाचनंतर पाहुणे का नेत नाही. बाकी सगळे नेतात. संध्याकाळी भिंती तांबड्या होतात, फोटो झकास येतात, आणि हा म्हातारा मत्याकूब मात्र चारलाच गाडीला किल्ली लावतो. माझ्या मागं काय बोलता ते मला ठाऊक आहे. म्हणे काकांना अंधारात दिसत नाही. गुलांदोम, हसू नकोस, हे तूच पसरवलंयस. मला अंधारात तुझ्यापेक्षा जास्त दिसतं, पोरी. तीच तर अडचण आहे.

सांगतो. पण मधे मधे बोलायचं नाही, आणि उद्या पाहुण्यांना रंगवून सांगायचं नाही. ही काही मिनारावरून पडलेल्या राजकन्येची गोष्ट नाही. ही आमच्या बेकचानची आहे. तुम्ही त्याला ओळखता, आता उर्गेंचच्या बाजारात खरबुजं विकतो तो. त्याला विचारायला जाऊ नका. तो काही बोलणार नाही, नुसता उठून जाईल.

बेकचानचं घर आणि माझं घर खिवा शहराच्या बाहेरच्या तटाला लागून, मधे एकच मातीची भिंत. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून पाहुणे फिरवले. मी आपला गाडी हाकणारा. तो गाडीही हाकायचा आणि तोंडही चालवायचा. निळा मिनार अर्धाच का राहिला याच्या त्याच्याकडे चार गोष्टी होत्या, पाहुण्याचा चेहरा बघून त्यातली एक काढायचा. लाकडी खांबांच्या मशिदीत शिरला की खांबांना नावानं हाक मारल्यासारखा फिरायचा. बढाईखोर होता, पण माणूस सोन्यासारखा. बायको इनाबत, तिला मी वहिनी म्हणतो. आणि एकुलता एक पोरगा, सापार. तो दोन वर्षांपासून रशियात, येकातेरिनबुर्गला, बांधकामावर. नऊ नोव्हेंबरचं त्याचं परतीचं तिकीट निघालं होतं. आल्यावर लग्न. वहिनीनं गाद्या भरायला घेतल्या होत्या.

ही गोष्ट त्याच्या दोन आठवडे आधीची. सव्वीस ऑक्टोबर, दोन हजार एकोणीस. शनिवार.

बेकचानकडे त्या दिवशी एकच पाहुणी होती. दोरोताबाई, पोलंडची, सत्तरीतली, आयुष्यभर शाळेत शिकवलेली. छोटी चक्कर घेतली होती तिनं, सकाळी खिवा, दुपारी वाळवंटातली गढी, रात्री परत हॉटेलात. सोपं काम. फक्त बाईला चित्रं काढायचा नाद. मशिदीत एका खांबासमोर बसली ती दीड तास. बेकचान बाहेर येऊन मला फोनवर म्हणतो, "मत्याकूब, खांब म्हातारा झाला पण बाई उठेना."

तर असा उशीर होत गेला. अमू नदीचा पूल ओलांडेपर्यंत चार वाजले. एगिझ-कलाला पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते.

तिथं दुसरं कुणी नव्हतं. बाईनं भिंतीसमोर स्टूल टाकलं आणि वही उघडली. बेकचाननं आडोशाला दस्तरखान, आपलं जेवणाचं कापड, पसरलं. थर्मासातला चहा, कापलेलं खरबूज, सकाळी बाजारातून घेतलेल्या दोन तिळाच्या रोट्या. प्याले तीन. आपण नेहमी एक जास्तीचा ठेवतोच, कोण येईल सांगता येत नाही.

आणि आलाच एक जण. गढीच्या आतून.

पोरगा होता. बावीस-तेवीसचा. अंगात जुना कापूस भरलेला अंगरखा, डोकं उघडं, पापण्यांपर्यंत धूळ, ओठ फुटलेले. बेकचानला वाटलं, मेंढ्या हरवल्या असतील, शोधत आला असेल. पोरगा येऊन दस्तरखानाच्या कडेला बसला. बोलला काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना, कोण रे तू, कुठला. पण खरं सांगा, तुम्ही विचारलं असतंत? दारात आलेल्या माणसाला आधी रोटी, मग नाव. बेकचाननं त्याला चहा ओतला, आपण पाहुण्याला ओततो तसा, अर्धा प्याला. अर्धा म्हणजे बस निवांत, अजून देतो. काठोकाठ भरलेला प्याला पुढं केला तर त्याचा अर्थ एकच, पी आणि ऊठ. असा प्याला आपण शत्रूलासुद्धा देत नाही. चहासाठी उठून आलेल्या दोरोताबाईनं तो अर्धा प्याला उचलून पोराच्या हातात दिला.

त्यानं तो खाली ठेवला. मग न तोडलेली एक रोटी दोन्ही हातांनी उचलली. तिचा वास घेतला, डोळे मिटून, बराच वेळ. मग एकच घास चावला. आणि उरलेली रोटी बेकचानपुढं धरली.

"ठेवा," म्हणाला. "परत आलो की खाईन."

बघ, शोनाझारचा चेहरा बघ. कळलं ना? तू सैन्यात गेलास तेव्हा तुझ्या आईनं काय केलं होतं?

"तेच. एक घास चावायला लावला आणि उरलेली खिळ्याला टांगली. परत आल्यावर मला तीच खायला लावली, काका. दोन दिवस दात दुखले."

दात दुखले, पण परत आलास. आणि घास घेतल्यावर आई काय म्हणाली?

"सुखरूप ये."

हां. घर सोडणाऱ्या पोराला आपल्याकडे सगळ्या आया हेच म्हणतात. तोंडात बसलेलं असतं. बेकचाननं दोन वर्षांपूर्वी सापारला दारातून निरोप देताना हेच ऐकलं होतं, हेच म्हटलं होतं. हात पुढं झाले, रोटी घेतली, आणि तोंडातून निघून गेलं, "सुखरूप ये, बाळा."

झालं. घास घेऊन उरलेली रोटी तुम्ही ज्याच्या हातात देता, त्याचं घर ते तुमचं घर. आणि ज्यानं घेतली त्यानं कबूल केलं. बेकचान मला नंतर म्हणाला, "मत्याकूब, शब्द बाहेर पडले आणि मग कळलं, मी काय कबूल केलं." पण तोवर पोरगा उठून आत गेला होता.

बाईनंही त्याला पाहिला होता. ती म्हणाली, तो मुलगा आजारी आहे का, प्याला देताना हात लागला तर दगडासारखा गार होता. बेकचान म्हणाला, वारा आहे, बाई. आणि आवरायला घेतलं.

पोराचा प्याला तिथंच होता. बेकचाननं अर्धा ओतलेला. आता तो काठोकाठ भरलेला होता. जरा धक्का लागला तरी सांडेल इतका. थर्मास बेकचानच्या पायाशी, झाकण घट्ट. बाई परत स्टुलावर, वीस पावलं लांब.

म्हणजे कुणीतरी सांगत होतं, उठा.

ते उठले. बेकचाननं वाटेत एकदाही आरशात पाहिलं नाही. कबरस्तानावरून जाताना आपण दुआ म्हणत तोंडावरून हात फिरवतो ना, त्यानं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात फिरवले. बाईला आठ वाजता हॉटेलवर सोडलं.

आणि रोटी? रोटी गाडीत पुढं काचेपाशी तशीच. ती टाकता येते का? दुसऱ्याचा घास लागलेली रोटी कुत्र्यालाही घालता येत नाही. तिथंच गढीत उंचावर ठेवून यायला हवी होती, पण तेव्हा त्याला फक्त पळायचं होतं. घरी आला तर इनाबत वहिनीनं ती पाहिलीच.

"ही कुणाची?"

आता इथं त्यानं खरं सांगायला हवं होतं. पण बायको आधीच पोराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तिला कशाला घाबरवायचं. तो म्हणाला, "पाहुणीची. तिला आपली पद्धत आवडली. तिनं पण घास घेतला."

वहिनीला कौतुक वाटलं. "बिचारी एवढ्या लांबून आली," म्हणाली. बेकचान म्हणाला, दे, मी ठेवतो कुठंतरी. तर तिनं त्याच्या हातातून काढून घेतली. "हे बायकांचं काम आहे. पुरुषानं टांगलेल्या रोटीला कोण परत येतं?" आणि स्टुलावर चढून तिनं ती टांगली. सापारच्या रोटीशेजारी. एकाच खिळ्याला.

नऊ वाजता सापारचा फोन आला. नेहमीसारखा आधी आईच्या गुडघ्याचं विचारलं, मग बाकीचं. सगळं ठीक होतं. सगळे झोपले.

मध्यरात्री वीज गेली. त्या आठवड्यात रोजच जात होती.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी दार वाजलं.

बेकचान आतल्या खोलीत होता. अर्धवट झोपेत. दार वाजलं... मग पोराचा आवाज. "आई. दार उघड."

वहिनी उठलेलीच होती. आयांची झोप तशी असते. बेकचाननं तिची पावलं ऐकली, कडी ऐकली, तिचं रडणं ऐकलं. सापार आला, सापार आला, असं म्हणत होती ती. दोन आठवडे आधी, न सांगता, आईला चकित करायला. पोरं असं करतात. बेकचानलाही क्षणभर तसंच वाटलं. अंधारात पडल्या पडल्या तो हसला.

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. परत आलेल्या पोराशी आधी बोलायचं नसतं, आधी त्याची रोटी त्याच्या हातात द्यायची असते. वहिनीनं अंधारात चाचपून खिळ्यावरची रोटी काढली. आणि दिली.

मग खाण्याचा आवाज.

कुरकुर... कुरकुर...

दोन वर्षांची वाळलेली रोटी. दगड झालेली. एकेक घास मोडत होता. थांबत नव्हता. पाणी मागत नव्हता. बोलत नव्हता.

बेकचानचं हसू गेलं. पाच-सहा तासांपूर्वी सापार येकातेरिनबुर्गहून बोलला होता. एवढ्या वेळात कोण येतं तिथून?

तो उठला. बाहेरच्या खोलीत आला. दार सताड उघडं. वहिनी उंबऱ्यात उभी, हात मोकळे.

"कुठंय?"

"हात धुवायला गेला अंगणात."

अंगणात कुणी नव्हतं. पाण्याचा तांब्या कोरडा होता. फाटकाला आतून कडी होती.

बेकचाननं काडी ओढली आणि खिळ्याकडे धरली. एकच रोटी होती. मऊ. तिळाची. आजची.

खाल्ली गेली ती सापारची होती. कणसुद्धा पडला नव्हता खाली.

त्यानं सापारला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. पोरांनो, तुमचं लग्न व्हायचंय, तुम्हाला हे आत्ता कळणार नाही. पोर परत येणार म्हणून आई दोन वर्षं रोज ज्या वस्तूकडे बघते, ती कुणीतरी खाऊन गेलं होतं. आणि पोराचा फोन लागत नव्हता. त्या वेळी बेकचानचा देवावरचा विश्वास कुठं होता आणि भीती कुठं होती, हे त्यालाच सांगता येणार नाही.

आणि तरीही त्यानं बायकोला सांगितलं नाही. "पोरगा गल्लीत गेला असेल, मित्रांकडे," म्हणाला. "मी मत्याकूबला घेऊन बघून येतो." तिळाची रोटी कपड्यात गुंडाळली आणि माझं दार ठोठावलं.

"गाडी काढ. एगिझ-कला."

त्याचा आवाज असा होता की मी बूटसुद्धा उलटे घातले. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. त्याचा हिशोब साधा होता, की त्या पोराला त्याची स्वतःची रोटी नेऊन द्यायची, हात जोडायचे, आणि म्हणायचं की माझ्या लेकराची वाट सोड.

रस्ता रिकामा होता. पावणेपाचला पोचलो. काळोख मिट्ट.

बेकचान उतरला. मी उतरलो नाही. हे मी तुमच्यापुढं कबूल करतो, कारण ते आजवर मला टोचतं. वीस वर्षांचा सोबती एकटा अंधारात चढत होता आणि मी स्टिअरिंग धरून बसलो. दिवे चालू ठेवले, एवढंच माझं शौर्य. त्याची पाठ उजेडातून बाहेर गेली... आणि दिसेनाशी झाली.

वरून त्याचा आवाज आला. "बाळा... तुझी रोटी आणलीय."

काही नाही.

"बाळा..."

काही नाही. वारासुद्धा पडला होता.

तेवढ्यात गाडीत फोन वाजला. बेकचानचा. तो सीटवरच राहिला होता. मी पाहिलं, वहिनीचं नाव. घेतला.

"भावजी," वहिनी म्हणाली. आवाजात एवढा आनंद की काय सांगू. "कुठं शोधताय तुम्ही दोघं? परत या. सापार आलाय घरी. आत बसलाय."

मी काचेतून वर गढीकडे पाहिलं.

"भावजी? ऐकू येतंय ना? दमलाय हो तो. बसलाय नुसता. चहा देतेय त्याला."

मी हॉर्नवर हात ठेवला. दाबून धरला. बेकचान धावत, घसरत खाली आला. हात रिकामे होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या हातात दिला. पुढचं मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

"इनाबत. दिवा लाव."

"वीज कुठंय? मेणबत्ती तीनदा लावली, राहतच नाही."

"त्याचं तोंड बघितलंस?"

"माझ्या पोराचं तोंड मला बघायला लागतं का?"

"त्याला फोन दे."

सरकल्याचा आवाज... मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. बेकचान म्हणाला, "सापार?"



मग तिकडून आवाज आला. पोराचाच. मऊ. "बाबा... तुम्हीच म्हणालात ना. सुखरूप ये."

आणि मग, "मी आलो."

मी बेकचानचं मनगट धरलं. वहिनी परत फोनवर आली. "ऐकलंत? आता तरी या."

"इनाबत," तो म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं. ती तिळाची रोटी पाहुणीची नव्हती. गढीत एक पोरगा भेटला. त्याची होती. मी घेतली. मी त्याला सुखरूप ये म्हणालो."

बेकचाननं फोन तोंडाजवळ ओढला.

"तुझ्यासमोर बसलाय तो आपला नाही. त्याचा प्याला भर. काठोकाठ."

"डोकं फिरलंय तुमचं?" ती कुजबुजली. "दोन वर्षांनी लेकरू दारात आलंय आणि मी त्याला ऊठ म्हणू?"

"त्याचा हात धर. गरम आहे?"

"...बाहेरून आलाय. गार असणारच."

"इनाबत. आल्यापासून त्यानं तुझ्या गुडघ्याचं विचारलं?"



मी घड्याळ पाहत होतो, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. पाच वाजून बारा मिनिटं... तेरा... ती अजून गप्प होती. आणि मला कळत होतं की ती कशात अडकलीय. तो सापार असेल, तर ती स्वतःच्या लेकराला घराबाहेर काढणार होती. नसेल, तर...

मग थर्मासाचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

चहा ओतायला लागली. तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलंय? प्याला भरत येतो तसा आवाज बारीक होत जातो. अर्ध्यावर आला... आपला हात इथं थांबतो. तिचा थांबला.

परत ओतायला लागली.

बारीक... आणखी बारीक...

थांबला.

प्याला सरकवल्याचा आवाज. आणि वहिनी म्हणाली, "घे, बाळा."

त्यानंतर काहीच नाही.  मग दाराची कडी वाजली... हळू. कुणी झोपमोड होऊ नये म्हणून काढतं तशी.

वहिनी रडत होती.

सात वाजता आम्ही घरी पोचलो तेव्हा ती दस्तरखानाशी तशीच बसलेली होती. समोर भरलेला प्याला, ओठ न लागलेला. ती म्हणाली, "त्यानं प्याल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागावला नाही. मान खाली घालून उठला. तो कुणाचा का असेना, भावजी, कुणाचं तरी पोर होतं. आणि मी त्याला असा उठवला." तिच्या घरी गेलात तर बघा, ती आजही कुणाला चहा ओतत नाही. सून ओतते.

सव्वाआठला सापारचा फोन आला. रात्री फोन पाण्यात पडला होता, दुसऱ्याचा फोन मागून लावला होता त्यानं. ठणठणीत होता. पहिलं वाक्य, "आई, गुडघा कसा आहे?" बेकचान भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तरी पुढचे चौदा दिवस त्या घरात कुणी पोटभर जेवलं नाही. खिळा रिकामा होता ना. नऊ नोव्हेंबरला सापार खरंच विमानातून उतरला, वहिनीनं त्याच्या तोंडाला हात लावला, नाकाला लावला, कानाला लावला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

"म्हणजे सगळं नीट झालं की, काका."

झालं, गुलांदोम. सापारचं नीट झालं. लग्नात मी नाचलोसुद्धा.

पण लग्नानंतर चार दिवसांनी मी एकटाच एगिझ-कलाला गेलो. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात. त्या रात्री गाडीतून उतरलो नव्हतो, ते डाचत होतं. बेकचान म्हणाला होता की त्यानं ती तिळाची रोटी आडोशाच्या भिंतीशी, खाली जमिनीवर ठेवली होती, आणि हॉर्न ऐकून तशीच टाकून पळाला होता. म्हटलं, कोल्ह्यानं नेली असेल, बघून यावं.

जमिनीवर नव्हती.

भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. वीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ टेकून बसलोय, तिथं खुंटी कधीच नव्हती. खुंटी बाईमाणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. आणि खुंटीला ती रोटी टांगलेली. एक घास खाल्लेली, बाकी पूर्ण. मुंगीसुद्धा लागलेली नव्हती.

आपल्याकडे पोराची रोटी आईच टांगते. इथं कुणी टांगली, मला माहीत नाही. आजूबाजूला पंधरा कोसांत वस्ती नाही, विहीर नाही.

मी जवळ जाऊन पाहिलं. रोटीला भोक पाडून दोरी ओवली होती. दोरी नव्हती ती. बाईच्या पांढऱ्या केसांची वेणी होती, घट्ट घातलेली. मी बोट लावलं. ओली होती, नुकत्याच धुतलेल्या केसांसारखी.